आवाज आला होता, दादा

दादा, काल तुझी तेरवी झाली. वरण जरा पातळ झालं होतं, बाकी सगळं ठीक. तू असतास तर भर पंगतीत म्हणाला असतास, "या वरणात डाळ पोहून राह्यली का बुडून मेली बे?" कोणीच काही म्हटलं नाही. मग मीच म्हणालो. आचारी तोंड फुगवून बसला, पण वहिनी तेरा दिवसांत पहिल्यांदा पदराआड हसली. तेवढ्यासाठी आचाऱ्याचा राग परवडला.

लिहायला बसलो तर ही शाळेतली भाषा यायला लागली बघ. तोंडानं मी तुला जन्मात कधी 'मला' म्हटलं नाही, 'मले'च म्हटलं. पण कागद समोर आला की गुरुजी छडी घेऊन मागं उभे राहतात. तू लाईनमन, मी टेलर, दोघांचं शिक्षण मिळून एक मॅट्रिक. चालवून घे.

आज सोमवार. आठ वाजायला अजून तासभर आहे. आठ वाजता काय करायचं ते मला दोन दिवसांपासून सुचत नाही, म्हणून तोवर तुझ्याशी भांडून घेतो. आपल्या दोघांची कहाणी आपल्या केनवड गावभर फक्त तुझ्या तोंडून गेली आहे. आता तुला मधे बोलता येत नाही, तर एकदा माझ्या तोंडूनही होऊ दे.

आधी भिंत. बाबा गेल्यावर घर मधोमध वाटायचं ठरलं. भिंत उभी राहिली आणि मला दिसलं की ती वीतभर माझ्याकडं सरकली आहे. मी दुकानातून हाती लागले ते दोन टेप आणले, तुझी बाजू मोजली, माझी मोजली, आणि गवंड्यासमोर, गल्लीसमोर जाहीर केलं, "वीतभर खाल्ली!" तू विडी विझवली आणि म्हणालास, "टेलरच्या टेपावर घरं बांधत नसतात." मी म्हणालो, "लाईनमनच्या अंदाजावरबी नसतात. तुमचे खांब पाह्य, एक तरी सरळ उभा हाय काय?" बस. त्यानंतर सात वर्षं आपण बोललो नाही.

म्हणजे बोललो, पण बायकांमार्फत. तू वहिनीला म्हणायचास, "तुया दिराले सांग, नळ आला." मी शोभाला म्हणायचो, "सांगून दे, कान हायत मले." मधे फक्त एक भिंत होती, सगळं ऐकू यायचं. तरी त्या दोघी बिचाऱ्या निरोप पोचवायच्या. शोभा म्हणायची, पोस्टात लागली असती तर आतापर्यंत पेन्शन बसली असती.

मग मनीषानं पुण्याहून तो खोका पाठवला. तुझी पोरगी तुला ओळखून. साऱ्या तालुक्याची लाईन जोडणारा माणूस, आणि घरातला बोर्ड पडू नये म्हणून त्यात काडेपेटीचं पाकीट कोंबलेलं! खोक्यात सहा पांढरे डबे होते, पुरणाच्या पोळीएवढे. काही धुरासाठी, काही गरमीसाठी, काही त्या विषारी वायूसाठी, जो कोळशातून, विस्तवातून निघतो आणि ज्याला रंग नाही, वास नाही. एक डबा वाजला की सगळे वाजतात, आणि मधे वायर नाही. तू दोन दिवस वायर शोधलीस म्हणे. चाळीस वर्षं खांबावर चढलेल्या माणसाला वायरशिवाय काही जोडलं जातं हे पटेना. मनीषानं फोनवर समजावून सांगितलं तर तू म्हणालास, "मंग आमी इतके वर्षं कायले लटकलो वर?"

सहाही डबे तुझ्याच घरासाठी होते. तीन तू माझ्या घरात लावलेस. वहिनीनं विचारलं, तिकडं काहून? तर तू म्हणालास, "आग काय वाटणीपत्र वाचून येते काय? वरचं लाकूड एकच हाय." हे खरं होतं. भिंत आपण घातली होती, पण छताची लाकडं बाबांची, या घरातून त्या घरात सरळ गेलेली.

मी दुकानात होतो. तू शिडी घेऊन आलास, शोभानं पदर डोक्यावर घेऊन दार उघडलं. तू वर चढून तिला समजावून देत होतास, "हे सहाही डबे एकमेकाले लिंक करा लागतात." हे ऐकलं आणि शोभा आत गेली ती माझं आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि दोन फोटो घेऊन आली. "झेरॉक्सबी लागन काय?" तिची काय चूक? आपल्याकडं लिंक म्हणजे एक तर आधार लिंक, नाही तर बँकेतली ती बाई म्हणते ती, लिंक नाही, उद्या या. तू शिडीवर इतका हसलास की शिडी हलायला लागली आणि शोभानं पासबुक टाकून शिडी धरली. सात वर्षांनी माझ्या घरात तुझं हसणं झालं, आणि मी नव्हतो. संध्याकाळी तिनं हे सांगितलं तेव्हा मला इतका राग आला की मी एक भाकर कमी खाल्ली. राग कशाचा ते तेव्हा कळलं नव्हतं.

आता पुढचं. हे मी कबूल करतोच, कारण साऱ्या गल्लीनं पाहिलं आहे. तू गरमीचा डबा स्वयंपाकघरात आणि धुराचा मधल्या खोलीत लावून गेलास. मी वर पाहिलं, विचार केला, आणि मला तुझी कीव आली. धूर कुठं होतो? चुलीपाशी. मग धुराचा डबा मधल्या खोलीत कायला? म्हटलं, शेवटी लाईनमन तो लाईनमन. कापायचा टेबल सरकवला, वर चढलो आणि दोन डबे बदलून टाकले. खाली उतरलो तेव्हा मला फार हुशार वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी शोभानं ठेच्यासाठी तव्यावर मिरच्या टाकल्या. बाप्पा रे बाप्पा! सहाच्या सहा डबे एकदम बोंबलायला लागले, तीन इकडं, तीन तिकडं. तू ओलं पोतं घेऊन धावत आलास, वहिनी बादली घेऊन, मागून अर्धी गल्ली. आत पाहता तर शोभा एका हातात तवा धरून खोकते आहे आणि मी कानात बोटं घालून उभा आहे. तू छताकडं पाहिलंस. मग तव्याकडं पाहून विचारलंस, "डबे कोणं बदलले?" तवा काय बोलणार? तू चुपचाप वर चढून पुन्हा जागेवर लावलेस आणि जाता जाता शोभाला म्हणालास, म्हणजे मलाच म्हणालास, "त्या धुराच्या डब्याले फोडणी अन् आग यातला फरक समजत नाही, म्हून तो चुलीपासून दूर. सांग तुया नवऱ्याले. त्यालेबी समजत नाही." पुढं महिनाभर कुठंही काही वाजलं की गल्ली म्हणायची, टेलरकडं आज ठेचा दिसते.

आणि मग सोमवार सुरू झाले. डब्यासोबतच्या कागदात लिहिलं होतं म्हणे की नेमानं बटन दाबून तपासावं. तू सरकारी माणूस. कागदात लिहिलं म्हणजे लिहिलं. दर सोमवारी सकाळी ठीक आठला तू झाडूच्या दांड्यानं तुझ्याकडचं बटन दाबायचास, दोन्ही घरांत कल्ला व्हायचा, माझ्या कपातला चहा थरथरायचा, आणि भिंतीपलीकडून तू वरडायचास, "आला का आवाज?"

बायकांना नाही, भिंतीला नाही. मला. सात वर्षांत तू मला सरळ विचारलेली ती पहिली गोष्ट. आणि मी काय म्हणावं? कान फाटत होते, कुत्रे भुंकत होते, समोरचा पिठाच्या गिरणीवाला बाहेर येऊन पाहत होता. मी म्हणालो, "नाही आला!"

तू शिडी घेऊन आलास. डबा काढलास, ब्रशनं पुसलास, सेल काढून घातले, पुन्हा दाबलास. "आता?" "नाही आला!" असे किती सोमवार गेले असतील देव जाणे. तू कधी म्हटलं नाहीस की खोटं बोलतोस. शिडी घेऊन यायचास, पुसायचास, जायचास. शोभा मला म्हणायची, "लाज नाही वाटत? सत्तरीतला माणूस शिडी चढवता." मी म्हणायचो, "मी कुठं बोलावतो?" पण सोमवारी मी पावणेआठलाच चहा घेऊन भिंतीपाशी बसायचो, हे तिनं तुला सांगितलं होतं का? मला आजवर हिंमत झाली नाही विचारायची.

मग ती संक्रांतीनंतरची संध्याकाळ. दुपारी शोभाच्या माहेरची माणसं आली होती, अंगणात गोवऱ्या पेटवून कणकेचे रोडगे भाजले होते. पाहुणे गेले, दोघी जावा हळदीकुंकवाला गेल्या. थंडी मी म्हणत होती, माझे गुडघे कुरकुरत होते आणि गोवऱ्यांचा विस्तव तसाच लालबुंद पडला होता. वाया कायला घालवायचा? घमेल्यात भरला आणि खोलीत नेला. खिडकी लावली. दाराखालून गार वारा येत होता, तिथं दुकानातली कात्रणं कोंबली. टेलरचं काम, फट ठेवत नाही. मग घमेल्याशी बसलो. धुराचा ठिपका नव्हता. मस्त ऊब होती. जरा डोकं जड झालं, वाटलं रोडगे जास्त झाले.

डबे वाजायला लागले. मला वाटलं सोमवार आहे. गुरुवार होता. मी बसल्या जागेवरून म्हणालो, "नाही आला."

तू नंतर साऱ्या गावाला सांगत फिरलास की, "म्या बटन दाबलंच नाही, अन् हा बह्याड नाही आला म्हणते! तेबी अशा आवाजात, जसं तोंडात घास हाय." तेवढ्यानं तू काय समजायचं ते समजलास. दारावर तुझा खांदा बसला तेव्हा मी जागा होतो, ऐकत होतो. "दार उघड, बह्याडा! भास्क्या, दार उघड!" उघडायचं होतं रे. पाय माझे नव्हते. ते मी त्या दिवशीही बोललो नाही, नंतरही नाही. आज लिहितो. पाय माझे नव्हते, दादा, आणि मला भीतीही वाटत नव्हती. आता वाटते. हा कागद लिहिताना वाटते आहे.

तू मला काखेत धरून अंगणात ओढलंस. मग मोटारसायकल काढलीस. मी मागं बसेना, एका बाजूला कलंडत होतो, तर तू माझ्या मशीनवरचं गिऱ्हाइकाचं पॅन्टपीस घेतलंस आणि मला तुझ्या पाठीला बांधलंस. सात वर्षं न बोललेले दोन भाऊ रिसोडच्या रस्त्यानं एका टेरिकॉटमध्ये गुंडाळून चाललेले! थंड वारा लागला तसा मी जरा शुद्धीवर आलो आणि पहिलं वाक्य बोललो, "ते पॅन्टपीस सरपंचाचं हाय." तू म्हणालास, "चूप बस." 'नाही आला' सोडलं तर हे आपलं समोरासमोर झालेलं पहिलं बोलणं. म्हणजे तुझी पाठच होती समोर.

डॉक्टरनं नाकाला नळी लावली आणि म्हणाला, "काही नाही, गॅसमुळे झालं." झालं! मला तेवढंच पाहिजे होतं. घरी आल्यावर जो विचारेल त्याला मी सांगितलं, गॅस झाला होता, पोटात. रोडगे, वरून वांग्याची भाजी, होतो गॅस. तुझं डोकं असं भडकलं! "अबे, पोटातल्या गॅसले कोणी ऑक्सिजन लावते काय?" मी म्हणालो, "डॉक्टरनं लावला ना." "तो घमेल्यातला वायू होता!" "वायू होता तर धूर कुठं होता?" "त्याले धूर नसते, वास नसते, चुपचाप माणूस घेऊन जाते!" "मंग तुया डब्याले कसा समजला? डबा बिघडेल हाय तुहा." तू ओट्यावर हात आपटून म्हणालास, "बिघडेल हाय, पण डबा नाही!"

बोलणं सुरू झालं ते असं. कोणी मधे पडलं नाही, कोणी पाया पडलं नाही. दोन वर्षं रोज संध्याकाळी ओट्यावर बसून आपण एकाच गोष्टीवर भांडलो, वायू होता की गॅस. तू म्हणायचास, "एकदा म्हण ना, वायू होता म्हून. जिभीले काटा रुतते काय?" मी म्हणायचो, मरताना म्हणीन. मला वाटायचं, आधी मी.

आता टेपाचं सांगतो. हे शोभालाही माहीत नाही. गेल्या दिवाळीला तुला शर्ट शिवला, टेस्टर ठेवायला अरुंद खिसा लावून, आठवतो? तुझी छाती मोजताना मी मनात म्हटलं, चाळीस, वजा तीन, सदतीस. आणि माझा हात तिथंच थांबला. त्या जुन्या टेपाची पहिली तीन इंचं झिजली होती म्हणून मी कधीच कापून टाकली होती. दुकानात हात सवयीनं तीन वजा करतो. पण भिंतीच्या दिवशी तुझी बाजू मोजली ती याच टेपानं, आणि माझी मोजली ती नव्या टेपानं. तुझ्या बाजूला टेप तीन वेळा ठेवावा लागला, आणि रागात वजा करायचं राहून गेलं. तीन त्रिक नऊ. नऊ इंच म्हणजे किती, ते टेलरला सांगावं लागत नाही. एक वीत.

तू विचारलंस, "काय झालं बे? मुरदाड पडला हात." मी म्हणालो, "काही नाही, पोट वाढलं तुहं." तू पोट आत ओढलंस आणि तसाच उभा राहिलास, श्वास रोखून, मी माप संपवेपर्यंत. सात वर्षं मी तुला ज्या वितीसाठी शिव्या दिल्या ती तुझ्याकडं नव्हतीच, दादा. ती माझ्या टेपात होती. त्या दिवशीच सांगायला हवं होतं. म्हटलं संक्रांतीला सांगू, मग म्हटलं पाडव्याला.

तू मंगळवारी दुपारी गेलास. खुर्चीत बसून, डोळ्यांवर चष्मा, खिशात टेस्टर. मी भिंतीच्या या बाजूला मशीन चालवत होतो. काज करत होतो एका ब्लाउजचे, आणि मला काही कळलं नाही. सहातला एकही डबा वाजला नाही. धुराचा आहे, गरमीचा आहे, वायूचा आहे, आणि तू जाताना सगळे हिरवा दिवा लुकलुकवत छताला चिकटून बसले होते. मी त्यांना फार वाईट शिव्या दिल्या. शोभानं हात धरला नसता तर कापड मोजायच्या गजानं फोडलेच असते.

आणि आदल्याच दिवशी सोमवार होता. तू दांड्यानं बटन दाबलंस, विचारलंस, आणि मी म्हणालो, नाही आला. मंगळवारी सकाळी तू उठायच्या आत मी दुकानात गेलो होतो. म्हणजे माझे तुला शेवटचे शब्द तेच. तेरा दिवस मला हेच खात होतं. लोक सांगत होते, मी शेवटचं पाणी पाजलं, मी शेवटचा रामराम केला. मी काय सांगू? मी शेवटचं खोटं बोललो?

काल पंगत उठल्यावर मी वहिनीपाशी बसलो आणि हे बोलून टाकलं. ती डोळे पुसता पुसता म्हणाली, "भाऊजी, यायले काय माहीत नव्हतं काय? तुमचं 'नाही आला' आयकलं का हे दांडा ठेवत अन् हसत. म्हणत, हाय बह्याड जित्ता. अन् मले सांगून ठेवेल होतं, ज्या दिवशी तो 'आला' म्हणन ना, त्या दिवशी पयले डॉक्टरले फोन लावजो." मी विचारलं, मग दर सोमवारी शिडी घेऊन काहून यायचा? वहिनी म्हणाली, "तुमच्या घरी यायले दुसरं काय निमित्त होतं त्यायले?"

तर लिहून देतो, दादा. वायू होता. भिंत सरळ आहे. आवाज आला होता. दर सोमवारी, सहाही डब्यांचा आला होता, आणि तुझाही.

आठ वाजले. जाऊन येतो.

जाऊन आलो. मधला एक सोमवार सुतकात गेला, कोणी बटन दाबलं नाही, तेव्हा आठ वाजता चहा नुसता कपात स्थिर होता. आज मी माझा गज घेतला आणि मधल्या खोलीतला डबा दाबला. सहाही एकदम सुरू झाले. शोभानं स्वयंपाकघरात कान झाकले, कुत्रे सुरू झाले, गिरणीवाला बाहेर आला. मी भिंतीजवळ गेलो आणि वरडलो, "आला का आवाज?"  पलीकडून काहीच नाही. वाटलं, उगाच केलं, बाईमाणूस एकटं बसलं आहे, कशाला तिला छळायचं.

मग पलीकडून वहिनी वरडली, "नाही आला, भाऊजी!"

शिडी घेऊन निघालो आहे, दादा.